फाळका

गेली सहा वर्षं मी मोबाईलच्या स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर पोट भरते आहे. जेवण मागवताना तुम्ही मिसळीवर बोट ठेवता आणि खालून एक पांढरा तुकडा वर सरकतो: तिखट किती, पाव दोन की चार. रिक्षा बोलावताना खालून यादी येते: रिक्षा, छोटी गाडी, मोठी गाडी. पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, फोटो कुणाला पाठवायचा, पत्ता घरचा की ऑफिसचा, हे सगळं विचारणारा जो चौकोन खालून वर येतो, ज्याचे वरचे दोन कोपरे गोलसर असतात आणि माथ्यावर मधोमध एक आखूड करडी रेघ असते, त्याला आमच्या धंद्यात बॉटम शीट म्हणतात. ती मी बनवते. गावाकडे कुणी विचारलं की आई सांगते, "पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे." मीही त्यापुढे खुलासा करत नाही.

या लेखात मात्र तोच खुलासा करायचा आहे, कारण २०२२ साली मी बनवलेल्या एका शीटवर माझ्या वडिलांनी चार महिने अंगठा ठेवला नाही. त्यांनी तो का ठेवला नाही हे मला कळलं तेव्हा त्या शीटमधली एक चूक कळली, आणि चूक नसलेलीही एक गोष्ट कळली. ती दुसरी गोष्ट जास्त जड आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. ‘शीट’ हा शब्द ॲपलच्या कॉम्प्युटरवर दोन हजार सालाच्या सुमारास आला. तिथे ती वरून खाली यायची. खिडकीच्या मथळ्याच्या पट्टीखालून एक तुकडा घसरत बाहेर पडायचा आणि विचारायचा, फाईल जतन करायची का? त्यामागचा विचार साधा होता: प्रश्न ज्या खिडकीचा, त्याच खिडकीला तो चिकटलेला दिसला पाहिजे. फोनवर आल्यावर शीट उलटी झाली आणि खालून वर यायला लागली. गूगलने फेब्रुवारी २०१६मध्ये अँड्रॉइडच्या सपोर्ट लायब्ररीत बॉटम शीट तयार करून दिली. त्याआधी ज्याला हवी तो आपापली घडवत असे. ॲपलने २०२१च्या आयओएस १५मध्ये शीट अर्ध्या उंचीवर थांबवायची सोय दिली.

खालूनच का, याचं उत्तर अंगठ्यात आहे. स्टीव्हन हूबर नावाच्या डिझायनरने २०१३मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, हॉटेलात बसलेल्या १,३३३ लोकांचं निरीक्षण केलं. त्यांतले जे स्क्रीनला किंवा बटणांना हात लावून फोन वापरत होते, त्यांच्यापैकी ४९ टक्के लोकांनी फोन एकाच हातात धरला होता. एका हाताने फोन धरला की काम करायला उरतो तो अंगठा, आणि मोठ्या फोनवर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. मग प्रश्नच खाली आणून ठेवायचा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि उत्तर अंगठ्याखाली. आमचं सगळं शास्त्र अंगठ्यासाठी आहे. हा अंगठा पुढे पुन्हा येणार आहे.

शीट आणि नवी स्क्रीन यांत एक मोठा फरक आहे. नवी स्क्रीन आली की जुनी गेली. शीट आली की मागची स्क्रीन तिथेच असते, फक्त तिच्यावर काळसर छटा पडते. या छटेला आम्ही स्क्रिम म्हणतो. छटा दोन गोष्टी सांगते: मागचं आत्ता चालणार नाही, आणि मागचं कुठेही गेलेलं नाही. म्हणून चांगल्या शीटमध्ये स्क्रिम अगदी काळाकुट्ट करत नाहीत. वाचणाऱ्याला आपण कुठे होतो हे दिसत राहिलं पाहिजे. थोडक्यात, शीट म्हणजे एक शब्द दिलेला असतो: क्षणभर आडवी येते, एवढं विचारते, आणि जाते.

तो शब्द पाळण्यासाठी बाहेर पडायच्या चार वाटा ठेवायचा रिवाज आहे. शीट धरून खाली ओढा, ती जाते. बाहेरच्या काळसर भागावर टिचकी मारा, जाते. अँड्रॉइडवर मागे जायचं बटण दाबा किंवा तसा हात फिरवा, जाते. आणि शीटवरच फुली किंवा ‘आत्ता नको’ असं काहीतरी असतं. तुम्ही या चारही वाटा कधी मोजल्या नसतील, आणि मोजायची वेळ तुमच्यावर येऊ नये हेच आमचं काम.

हा वाद फोनपेक्षा जुना आहे. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर नावाचा माणूस काम करत होता. कट, कॉपी, पेस्ट आज ज्या रूपात आपण वापरतो त्यामागे त्याचा मोठा हात. त्याचा राग एकाच गोष्टीवर होता: मोड. म्हणजे यंत्र एका अवस्थेत अडकलेलं असणं आणि माणसाला ते माहीत नसणं. तिथल्याच ब्राव्हो नावाच्या लेखन-प्रणालीचा एक किस्सा आमच्या धंद्यात सांगतात. कुणीतरी ‘एडिट’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं टंकली, पण यंत्र अक्षरांना आज्ञा समजण्याच्या अवस्थेत होतं. पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला, दुसऱ्याने पुसला, तिसऱ्याने नवा मजकूर घालायची तयारी केली आणि चौथं अक्षर लिहिलं गेलं. अख्ख्या कागदाच्या जागी एक ‘टी’ उरला. टेस्लरच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा ‘नो मोड्स’ अशी होती. तो फेब्रुवारी २०२०मध्ये गेला. मी तेव्हा नोकरीला लागून जेमतेम काही महिने झाले होते, आणि बातमी वाचून ऑफिसात आम्ही सगळ्यांनी त्याच्याबद्दलच्या पोस्टी कॉपी-पेस्ट केल्या.

स्क्रिम टाकून उघडणारी शीट हा मोडच आहे. तिच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फक्त बाहेर पडायच्या वाटा इतक्या सोप्या असतात की तो मोड माणसाला जाचत नाही. वाटा बंद केल्या की तो जाचतो.

मी त्या बंद केल्या.

आमच्या कंपनीचं ॲप बचतीचं होतं. रोज दहा, वीस, पन्नास रुपये बाजूला पडायचे आणि उघडलं की आजची नोंद दिसायची. चांगलं ॲप होतं, असं मी आजही म्हणेन. २०२२च्या मे-जूनमध्ये ठरलं की बचत करणाऱ्यांना कर्जही दाखवायचं. आपल्या भागीदार कंपन्यांकडून, ‘तुमची मर्यादा किती ते पाहा’ अशा थाटात. बटण दाबलं की माणसाची माहिती भागीदारांकडे जाणार आणि ते त्याचा कर्जाचा इतिहास तपासणार. त्यासाठी संमती हवी. संमती मागायला बॉटम शीट.

आम्ही फ्लटर वापरायचो. फ्लटरमध्ये अशी शीट उघडायला एका ओळीची आज्ञा आहे आणि तिला काही खुणा देता येतात. बाहेर टिचकी मारून बंद व्हावी का? काही न सांगितलं तर उत्तर ‘ट्रू’. ओढून बंद व्हावी का? तेही ‘ट्रू’. म्हणजे वाटा आपोआप उघड्या असतात. बंद करायच्या तर कुणीतरी बसून ‘फॉल्स’ हा शब्द टंकावा लागतो. तो मी दोनदा टंकला. मागे जायच्या बटणासाठी वेगळी कडी घालावी लागते, तीही घातली. कारण तिकिटावर लिहिलं होतं: ‘वापरकर्त्याने निर्णय घेतल्याशिवाय शीट बंद होऊ नये.’

मी विचारलं होतं, नाही असं नाही. आमचा प्रॉडक्ट मॅनेजर माझ्याच वयाचा, साताऱ्याचा, जेवायला रोज एकत्र बसणारा. मी म्हटलं, "अरे, बाहेर टॅप केलं तरी जाणार नाही? लोक वैतागतील." तो म्हणाला, "‘आत्ता नको’ आहे ना खाली. कुणाला अडवत नाहीये आपण." ते खरं होतं. मोठ्या जांभळ्या बटणाखाली बारीक करड्या अक्षरांत ‘आत्ता नको’ होतं. चारपैकी एक वाट उघडी. मला ते पुरेसं वाटलं आणि मी तिकीट पूर्ण झालं म्हणून पुढे सरकवलं. मागच्या स्क्रीनवरची छटाही डिझाइनमध्ये नेहमीपेक्षा बरीच गडद होती. ती मी आहे तशी उतरवली.

त्या दिवाळीत मी गावी गेले. कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला आमचं गाव आहे. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, त्याच वर्षी निवृत्त झाले. आमचं ॲप त्यांच्या फोनवर होतं, कारण ते मी बनवलेलं होतं. एवढंच कारण. रोज वीस रुपये. सकाळी चहा झाला की ॲप उघडून आजची नोंद बघायची आणि ती वहीत उतरवायची. गाडीच्या कामाची नोंद वहीत केल्याशिवाय जेवायला न जाणारा माणूस तो. फोनमध्ये लिहिलेलं पुन्हा वहीत कशाला, असं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

पाडव्याच्या सकाळी अण्णा घरात दिसले नाहीत. आई म्हणाली, "गोठ्यामागं असतील, फोन घेऊन." मी मागे गेले. अण्णा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. चष्मा नाकावर, वही काखेत, पेन उघडं.

"काय करताय अण्णा इथं?"

"थांब. फाळका यायच्या आत बघू दे."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून जी लोखंडी फळी असते, खालच्या बाजूला बिजागरी आणि वर उचलून कडी लावायची, तिला आमच्याकडे फाळका म्हणतात. ऊस भरला की फाळका वर करतात. मला काही समजेना. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या फोनमध्ये पाहिलं. आमचं ॲप उघडत होतं. आधी वरचा आकडा आला, मग खाली नोंदींची यादी. अण्णांनी पटकन वाचलं, ओठांनी पुटपुटले, आणि खालून माझी शीट वर आली. यादी झाकली गेली. वरचा आकडा काळ्या छटेत बुडाला. अण्णांनी ॲप बंद केलं आणि वहीत लिहिलं: वीस.

"घरात रेंज चांगली. तिथं फाळका लगेच वर येतो," ते म्हणाले. "इथं जरा दमानं येतो. तेवढ्यात बघून होतंय. नाहीच झालं तर परत उघडायचं."

तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होते. आमचं ॲप आधी नोंदी मागवायचं आणि त्या आल्यावर कर्जाची शीट दाखवायची की नाही हे सर्व्हरला वेगळं विचारायचं. नेट संथ असलं की त्या दोन उत्तरांमध्ये फट पडायची. माझ्या वडिलांनी, कोड न बघता, ती फट शोधून काढली होती आणि चार महिने ते तिच्यात उभे राहून रोजची नोंद वाचत होते.

"अहो, पण ते ‘आत्ता नको’ दाबायचं की."

"कुठाय?"

मी फोन हातात घेतला. शीट आली. चित्र, मथळा, मजकूर, जांभळं बटण. बटणाचाही फक्त वरचा अर्धा भाग दिसत होता. त्याखाली फोन संपत होता. ओढून पाहिलं, शीट हलली नाही. बाहेर टिचकी मारली, काही नाही. मागे जायचा हात फिरवला, काही नाही. एकेक कडी मीच लावलेली होती आणि एकेक मी हलवून बघत होते. ‘आत्ता नको’ स्क्रीनच्या खालच्या कडेच्या पलीकडे कुठेतरी होतं.

"मग बटण दाबून टाकायचं ना. काय होतंय बघायचं," मी म्हणाले. आता आठवलं की लाज वाटते, पण म्हणाले.

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्याच्यावर काय लिवलंय ते वाचलंस का तू?"

मी वाचलं नव्हतं. मजकूर माझ्याकडे एक्सेलच्या तक्त्यातून आला होता. मराठीचा रकाना उचलून मी जागेवर डकवला होता. इंग्रजीही नीट वाचलं नव्हतं. आमच्या कामात मजकूर म्हणजे बहुतेक वेळा लांबी असते, किती ओळी होतील एवढीच. अण्णांनी मला तो वाचून दाखवला, एसटीतलं परिपत्रक वाचावं तसा. पुढे गेल्यास तुमची माहिती भागीदारांना देण्यास तुमची संमती आहे असं समजलं जाईल.

"समजलं जाईल," ते परत म्हणाले. "कोण समजणार? आणि मी समजायच्या आत?"

मग त्यांनी आज्जाची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकलेली होती, पण अशा वेळी नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर आज्जाने बैल घ्यायला उसने पैसे काढले आणि कागदावर अंगठा लावला. कागद उसनवारीचा म्हणून सांगितला होता, निघाला खरेदीखताचा. तीस गुंठे गेले. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे होते. आज्जाला वाचता येत असतं तरी उपयोग नव्हता, अण्णा म्हणाले, कारण कागद घडी घालून पुढे केला होता. अंगठ्यापुरती जागा उघडी.

मी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. अंगठ्यापुरती जागा उघडी.

तसा काही हेतू आमचा नव्हता. पण हेतू काय होता हे शोधायला मी त्याच दुपारी लॅपटॉप उघडला, फराळाच्या ताटाशेजारी. चूक लगेच सापडली. फ्लटरची शीट, तिला वेगळं काही सांगितलं नाही तर, स्क्रीनच्या उंचीच्या नऊ सोळांशांच्या वर जात नाही. म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त. आतला मजकूर त्याहून उंच झाला तर तो सरकवता यावा याची सोय आपण करायची असते, आणि ती मी केली नव्हती. कारण आमच्या टेस्टिंगच्या फोनवर मजकूर त्या उंचीत छान बसत होता. ते फोन मोठे होते, भाषा इंग्रजी होती आणि अक्षरांचा आकार नेहमीचा. अण्णांचा फोन लहान. भाषा मराठी, म्हणजे इंग्रजीत तीन ओळींत मावणारं वाक्य पाच ओळींत गेलेलं, आणि वेलांट्या-उकारांमुळे प्रत्येक ओळ उंच. अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा. तो आदल्या गणपतीत मीच करून दिला होता, त्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

मजकूर असा बाहेर सांडला की फ्लटर आम्हाला सांगतं. स्क्रीनच्या कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात, रस्त्याच्या कामाजवळ लावतात तसे, आणि किती पिक्सेल बाहेर गेले तेही लिहिलेलं असतं. पण हे पट्टे फक्त आम्ही बनवत असतो तेव्हा दिसतात. लोकांच्या फोनवर जे ॲप जातं त्यात ते नसतात. तिथे मजकूर गुपचूप कडेखाली जातो. मी अण्णांचा फोन केबलने जोडला, तीच शीट माझ्या लॅपटॉपवरून चालवली आणि जांभळ्या बटणावर पिवळे-काळे पट्टे आले. अण्णांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणाले, "इथं माझं चुकलंय असं म्हणतंय." ते म्हणाले, "मग हे आधी का नाही म्हणालं?"

ही झाली चूक. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी ती सुधारली. शीटला पूर्ण उंची घ्यायची मुभा दिली, आतला मजकूर सरकता केला आणि दोन्ही बटणं खाली पक्की बसवली, अक्षरं कितीही मोठी असली तरी दिसतील अशी. एक दिवसाचं काम. आठवड्याभरात ते लोकांपर्यंत पोचलं.

आता चूक नसलेली गोष्ट. सोमवारच्या बैठकीत मी तीन ‘फॉल्स’ काढायचा विषय मांडला. अण्णांचं नाव घेतलं नाही, ‘एक वापरकर्ता’ म्हणाले. प्रॉडक्ट मॅनेजरने आलेख उघडला. शीट आल्यापासून संमतीचा आकडा चढला होता. आणि त्याच्याच बाजूला दुसरी रेघही वर चढलेली होती: एक माणूस दिवसातून किती वेळा ॲप उघडतो. जुलैमध्ये आम्ही तिला टाळ्या वाजवल्या होत्या, मला आठवतं. कुणीतरी पेढे आणले होते. लोकांना ॲप आवडायला लागलंय, असा अर्थ आम्ही लावला होता. मला आता त्या रेघेत एक माणूस गोठ्यामागे उभा दिसत होता, फाळका यायच्या आत नोंद वाचायला ॲप तीन-चारदा उघडणारा. त्या रेघेत त्याच्यासारखे किती होते मला माहीत नाही. एकटा असेल. पण एक होता हे मला माहीत होतं.

मी विचारलं, ज्यांना ‘आत्ता नको’ दिसतच नव्हतं त्यांनी दिलेल्या संमतीचं काय करायचं? त्यांना परत विचारायला नको का? बैठकीत शांतता पसरली, म्हणजे सगळ्यांना प्रश्न कळला. मग डेटा बघणारी मैत्रीण म्हणाली की कुणाच्या फोनवर अक्षरं किती मोठी होती ही नोंद आपण ठेवतच नाही. ओढून पाहिलं, बाहेर टिचकी मारली, याचीही नाही. बटण दाबलं एवढीच आहे. म्हणजे आमच्याकडे ‘हो’ची नोंद होती. ते ‘हो’ कसं आलं याची नव्हती. सगळ्यांनाच परत विचारा, असं मी म्हणाले. ‘बघू’ असं ठरलं. ‘बघू’चा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको.

प्रॉडक्ट मॅनेजरला मी खलनायक करणार नाही. जेवताना तो म्हणाला, "तुझं पटतं मला. पण फुली दिली की आकडा पडणार, आणि पडला की मला विचारणार, तुला नाही." हेही खरं होतं. मला कुणी काहीच विचारणार नव्हतं. म्हणूनच तर ‘फॉल्स’ टंकताना माझा हात थांबला नव्हता.

कड्या वर्षभर तशाच राहिल्या. मग ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डार्क पॅटर्न हा शब्द हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये वापरात आणला. माणसाला नको असलेलं त्याच्याकडून करून घेणारी रचना, असा त्याचा साधारण अर्थ. आपल्या तत्त्वांमध्ये असे तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सारखं टोकत राहणं, एक काम करू देण्यासाठी दुसरं करायला भाग पाडणं. आमच्या कायदा विभागाने ती यादी सगळ्यांना पाठवली आणि आठवड्याच्या आत माझ्या नावावर तिकीट आलं: ‘शीट बंद करता येईल अशी करा.’ मी तीन जागी जाऊन कड्या काढल्या. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. समाधान वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच जाणवलं की वर्षापूर्वी मी हेच सांगितलं तेव्हा ते एका मुलीचं म्हणणं होतं, आणि आता ते क्रमांक घातलेलं कलम होतं. परत विचारण्याबद्दल तिकिटात काही नव्हतं. त्या जुन्या संमत्या तशाच राहिल्या. कंपनी सोडताना माझ्या मनात राहिलेली गोष्ट हीच.

अण्णांनी मात्र कलमाची वाट पाहिली नाही. मी ‘आत्ता नको’ दिसतं केल्यावर दोन आठवडे त्यांनी ते रोज दाबलं, घरात बसून. मग एका रविवारी फोनवर म्हणाले, "रोज नको म्हणायचं, रोज ते परत विचारणार. एखाद दिवशी झोपेत हो म्हटलं जाईल." पैसे काढून घेतले आणि पोस्टात आरडी उघडली. तिथली नोंद पुस्तकात होते. माझ्या ॲपचा तो शेवट मला लागला, पण त्यांना ‘थांबा’ म्हणायला तोंड नव्हतं.

आता माझ्या टेबलावर एक लहान जुना फोन असतो. भाषा मराठी, अक्षरं सगळ्यात मोठी, नेट मुद्दाम संथ केलेलं. नव्या कंपनीत कुठलीही शीट बाहेर जायच्या आधी मी ती त्यावर उघडते. ओढून बघते, बाहेर टिचकी मारून बघते, मागे जाऊन बघते, ‘नको’ दिसतं का ते बघते. मग स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू करते आणि न बघता बाहेर पडता येतं का तेही पाहते. शीटवरचा मजकूर मोठ्याने वाचते. सुरुवातीला आजूबाजूचे हसायचे. आमच्या टीममध्ये एक नियमही झाला आहे: बाहेर पडायची वाट बंद करणारा ‘फॉल्स’ लिहायचा असेल तर त्याच्या वरच्या ओळीत कारण लिहायचं, आणि ते कारण ॲप वापरणाऱ्याच्या भल्याचं असलं पाहिजे. अशी कारणं असतात. पैसे जात असताना मध्येच शीट खाली ओढली जाऊ नये, हे एक. गेल्या दीड वर्षात आम्हाला अशी चारच लिहावी लागली.

मागच्या महिन्यात अण्णांनी विचारलं, "आता काय बनवतीयस?"

"प्रवासाचं आहे. गाडी कुठवर आली ते दाखवतं."

"एसटी दाखवतं का?"

"काही ठिकाणी."

ते जरा थांबले. "मधी फाळका येतो का?"

"येतो," मी म्हणाले. "पण ओढला की खाली जातो."

"मग पाठव," ते म्हणाले. "बघतो ओढून."